काचेला लावलेली हळद

"बोलत न्हाई का हो ही?"

"बोलती की. पण इंग्लिशमधी."

माझ्या मागच्या सीटवर बसलेल्या दोन बायकांचं हे बोलणं. एसटी बोरीच्या फाट्यावर उभी होती आणि कंडक्टर टपावर कुणाचं तरी पोतं चढवत होता. बाबा माझ्या खिडकीखाली उभे राहून तिसऱ्यांदा विचारत होते, पाण्याची बाटली घेतली का, आणि मी तिसऱ्यांदा नुसतीच मान हलवत होते. मागच्या बाईंच्या उत्तरात टोमणा नव्हता. एखाद्याची म्हैस फक्त हिरवाच चारा खाते, असं सांगावं तसं त्यांनी सांगून टाकलं. मी मागे वळून बघितलं नाही. खरं सांगायचं तर मी इंग्लिशमध्येही बोलत नव्हते.

बाबांची व्हॅन रस्त्याच्या पलीकडे उभी होती. आत शाळेची मुलं बसलेली, कुणीतरी उगाच हॉर्न वाजवत होतं. माझी बस परभणीकडे जाणार होती, तिथून कॉलेजसाठी पुण्याची रेल्वे. आणि बाबा मुलांना घेऊन जिंतूरकडे. बस हलली तसे ते दोन पावलं सोबत चालले. "उतरली की फोन कर," ते म्हणाले. "न्हाई लागला तर परत कर." मग वळून व्हॅनकडे गेले. ड्रायव्हरशेजारची पुढची सीट बारा वर्षं माझी होती. त्या दिवशी तिथे दुसरीतली एक मुलगी मांडीवर दप्तर घेऊन आधीच बसली होती, आणि तिला ती जागा अगदी पुरेपूर झाली होती.

तुमच्यापैकी जे बोरीत राहिले त्यांना हे सगळं माहीत आहे. माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांच्यासाठी थोडं सांगते. ती व्हॅन माझ्यासाठी घेतलेली होती. बाबा आधी दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर होते. मला जिंतूरच्या इंग्लिश शाळेत घालायचं त्यांनी ठरवलं तेव्हा आमच्याकडून तिकडे वेळेवर जाणारं काहीच नव्हतं. म्हणून त्यांनी जुनी व्हॅन घेतली, आणि ती चालावी म्हणून इतरांची मुलं बसवली. गावात तिला 'इंग्लिश गाडी' म्हणायचे. बारा वर्षं मी त्या पुढच्या सीटवरून एकच रस्ता बघितला. कापसाच्या गाड्या गेल्या की बाभळींना चिकटलेला कापूस, पावसाळ्यात रस्त्यावर बसलेल्या म्हशी, परीक्षेच्या दिवसांत तापून डोळ्यांसमोर हलणारं डांबर. जग म्हणून मी जे काही पाहिलं ते त्या काचेतून.

शाळेत मराठी बोललं की गळ्यात एक पाटी अडकवायचे. ती पाटी पुढचा कुणी सापडेपर्यंत आपल्याकडे. आणि घरी मी पुस्तकातल्यासारखं 'आम्ही', 'नाही' म्हटलं की चुलत बहिणी हसायच्या, "बगा बगा, बाईसाहेब आल्या." दोन्हीकडे सोपा मार्ग एकच होता. मी तो पकडला आणि मग तो सुटला नाही. लोक म्हणायचे, शांत मुलगी आहे. बाबा तर अभिमानानं म्हणायचे.

पुण्यात पदवी झाली आणि मला गाड्यांच्या काचांच्या एका वर्कशॉपमध्ये नोकरी मिळाली. इंग्लिश चांगलं म्हणून. काम होतं ग्राहकांचे फोन घ्यायचं. दोन आठवड्यांनी सुपरवायझर शेजारी येऊन बसले, माझे चार फोन ऐकले आणि म्हणाले, "तू फोन घेतेस की फोनला घाबरवतेस?" त्यांनी मला खाली शेडमध्ये पाठवलं, जॉब कार्ड लिहायला. आलेल्या गाडीचा नंबर, काचेवर लागलेली जागा, किती मोठी, एवढंच. तिथे काचा भरणाऱ्या पाटोळे सरांना मी पहिल्यांदा काम करताना बघितलं.

गाडीच्या पुढच्या काचेत खरं तर दोन काचा असतात आणि मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. खडा लागला की फक्त बाहेरची काच फुटते. फुटते म्हणजे एक टवका उडतो आणि त्याला कोळ्यासारखे पाय फुटतात. त्या फटींत हवा बसते, म्हणून त्या दिसतात. सर त्या टवक्यावर रबरी कपांचं एक छोटं स्टँड चिकटवायचे, त्यात इंजेक्टर बसवायचे. दिसायला अगदी इंजेक्शनच्या सिरिंजसारखा, फक्त पितळी आणि आट्यांचा. त्यात पाण्यासारखं पातळ रेझिन. आटा थोडा फिरवायचा, थांबायचं. थोडा उलटा फिरवायचा, म्हणजे आतली हवा वर येते. परत सुलटा. भिंगातून बघत राहिलं की एकेक पाय टोकाकडे पुसत जातो, जणू कुणी रांगोळीची रेघ बोटानं आत ओढून घेतंय. मग जांभळ्या दिव्याखाली ते रेझिन घट्ट होतं, वरचा उंचवटा पात्यानं खरवडायचा, पॉलिश करायचं. अर्धा तास. त्या अर्ध्या तासात कुणीही तुमच्याकडून बोलण्याची अपेक्षा करत नाही. इतकं शांत काम जगात असतं हे मला माहीतच नव्हतं.

मी जेवणाच्या सुट्टीत जुन्या काढून टाकलेल्या काचांवर हात बसवायला लागले. पाटोळे सर सोलापूरकडचे, तेही फार बोलणारे नव्हते. तीन महिन्यांनी त्यांनी एका चालू गाडीचा टवका माझ्यापुढे ठेवला आणि स्वतः चहा प्यायला निघून गेले. तेच माझं सर्टिफिकेट.

त्यांचं एक म्हणणं होतं. "भरता कुणालाही येतं. कुठली काच भरायची नाही, हे कळायला वेळ लागतो." भेग काचेच्या कडेपर्यंत गेली असेल तर नाही. आत माती, पाणी, रंग काही उतरलं असेल तर नाही, कारण रेझिन मग काचेला धरत नाही, घाणीला धरतं. आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढे तर कधीच नाही. तिथे कितीही छान भरलं तरी धूसर राहतं, आणि समोरून ऊन आलं की ते धूसर पेटतं. ग्राहक मात्र हट्ट करायचे. नवी काच नको असते कुणालाच. असं कुणी हट्टाला पेटलं की मी सरांकडे बघायची, आणि सर उठून जाऊन सांगायचे. तीन वर्षं आमची अशी वाटणी होती. भरायचं काम माझं, नाही म्हणायचं त्यांचं.

घरी मी दोन वर्षं 'ऑफिसमध्ये आहे' एवढंच सांगत होते. एकदा बाबांनी भलत्या वेळी व्हिडिओ कॉल केला आणि मी चुकून उचलला. अंगात निळा एप्रन, हातात पातं, मागे बॉनेट उघडलेली गाडी. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मागून आईचा आवाज आला, "एवढं इंग्लिश शिकून हातात पाना आला का गं माय?"

मी भीतभीत इंजेक्टर कॅमेऱ्यापुढे धरला.

"पाना न्हाई गं," बाबा तिला म्हणाले. "सुई हाय. काचेला सुई देती ती."

सुई म्हटल्यावर आईचा आवाज बदलला. सुईचं काम म्हणजे नर्सबाईचं, डॉक्टरचं. दुसऱ्या दिवशी फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात सगळ्यांना कळलं होतं की आमची मुलगी पुण्यात काचांची डॉक्टर आहे.

मग श्रावणात बाबांच्या काचेला खडा लागला. पुढे खडीचा डंपर चालला होता, त्यातून उडाला. संध्याकाळी त्यांचा फोन आला तो आनंदाचाच. "माय, तुज्याजोगतं काम आलंय बग." फोटो पाठवला. करंगळीच्या नखाएवढा टवका, दोन बारीक पाय, काचेच्या खालच्या बाजूला मधोमध, वायपरच्या जवळ. अगदी शिकाऊ मुलीला द्यावा असा. मी सांगितलं, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, पाणी-धूळ जाऊ देऊ नका, आणि नांदेडला किंवा संभाजीनगरला कुणी करत असेल तर लगेच भरून घ्या.

"दुसऱ्याला कामून हात लावू देऊ? तू येणारच हायेस की गणपतीला."

मी म्हणाले, हो.

गणपतीला मी गेले नाही. सुट्टी मिळाली नाही असं कळवलं. सुट्टी मी मागितलीच नव्हती. तुमच्यापैकी जे बाहेर राहतात त्यांना हे वाक्य चांगलं ठाऊक असेल. आपण सगळेच ते वापरतो. मला बोरीला जायचं नव्हतं असं नाही. फाट्यावर उतरल्यापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत जे वीसजण विचारतात, कधी आलीस, किती दिवस, पगार किती, आता लगीन कवा, त्या वीसजणांतून मला जायचं नव्हतं. पुण्यात वाकडच्या फ्लॅटमध्ये आम्ही तीन मुली राहतो. एक लातूरची, एक अकोल्याची. फ्रिजमध्ये कुणाचं दूध कुठलं हे ठरलेलं आहे, आणि त्यापलीकडे कुणी कुणाला काही विचारत नाही. मला त्याची सवय झाली होती. त्या न विचारण्यालाच मी मोकळेपणा म्हणत होते.

दर रविवारी मी विचारायची, काच कशी आहे? बाबा म्हणायचे, "वाढली थोडी. जराशीच." आमच्याकडे फोनवर सगळं जरासंच असतं. ताप जरासाच, पाऊस जरासाच. व्हॅन रोज दोन वेळा तो रस्ता हादरत जात-येत होती, दिवसभर शाळेबाहेर उन्हात तापत होती, सकाळी तिच्यावर बादलीभर गार पाणी पडत होतं. जराशीचा अर्थ मला समजत होता. दिवाळीला नक्की येते, मी म्हणायची.

दसऱ्याला आईचा फोन आला. आमच्याकडे त्या दिवशी व्हॅनची पूजा असते. धुवायची, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, पुढे नारळ. आईनं बघितलं की काचेवर मी लावायला सांगितलेली चिकटपट्टी मळून काळी पडली आहे. पूजेच्या दिवशी गाडीच्या तोंडावर चिंधी कशाला, म्हणून तिनं ती काढून टाकली. मग टवका उघडा पडला. आता त्या टवक्याकडे बघून आईला जे वाटलं ते आमच्या घरात कुणालाही वाटलं असतं. विळी लागो, काटा बोचो, बैलाच्या खुराला दगड लागो, आमच्याकडे पहिल्यांदा जे धावतं ते हळदीचं डबडं. तिनं हळद पाण्यात कालवली आणि बोटानं त्या टवक्यात दाबून दाबून भरली.

"लागलेल्या जागी हळद भरली गं," ती फोनवर सांगत होती. "तुझी सुई येईस्तोवर दम धरील."

मी तेव्हा वर्कशॉपमध्येच होते, हातात इंजेक्टर होता. काचेची बारीक भेग पाणी कशी पिते हे मी रोज बघते. ओल्या फडक्याचा नुसता स्पर्श झाला तरी ओल टोकापर्यंत पळते. आता त्या प्रत्येक पायात हळद गेली असणार होती, आणि ती आता कशानंही निघणार नव्हती. त्या क्षणी सांगायला हवं होतं. आई, आता ती भरत नाही, बाबांना नवी काच बसवायला सांग. एवढी दोनच वाक्यं.

"बरं," मी म्हणाले. "बरं केलंस."

भाऊबीज झाल्यावर मी निघाले. पाटोळे सरांना विचारून एक किट सोबत घेतलं: स्टँड, इंजेक्टर, रेझिनची बाटली, दिवा. कशासाठी घेतलं ते मलाही सांगता येणार नाही. परभणी स्टेशनबाहेर बाबा व्हॅन घेऊन उभे होते. माझी बॅग मागे ठेवली, पुढचं दार उघडलं, सीटवरची धूळ हातानं झटकली. "बस. तुझी जागा."

काच मी बसण्याआधीच बघितली होती. टवक्यापासून एक भेग निघून वर उजवीकडे गेली होती, ड्रायव्हरच्या बाजूला, थेट वरच्या कडेपर्यंत. खालचा वीतभर भाग हळदीनं पिवळा होता. पण गाडी सुरू झाल्यावर मी काचेकडे बघत नव्हते. मी बाबांकडे बघत होते. ते मान डावीकडे कलती करून, जरा खाली वाकून गाडी चालवत होते, भेगेच्या खालून रस्ता बघत. बोरीपर्यंत तसेच. त्यांना ते कळतही नव्हतं. अंगाला लागलेली सवय होती ती, तीन महिन्यांची. माझी वाट बघण्याच्या तीन महिन्यांची.

"ठेवली बग तुज्यासाठी," ते म्हणाले. "सगळे म्हणले बदल, बदल. टेम्पोवाला गफार तर रोज म्हणायचा. म्या म्हणलं, माझी पोरगी येऊ द्या."

मग कळलं की संध्याकाळी ऊन उतरल्यावर फाट्यावरच्या हॉटेलापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये कार्यक्रम ठरला आहे. रेझिनला ऊन चालत नाही, उन्हात ते आधीच घट्ट होतं, हे मी कधीतरी सांगितलेलं त्यांनी लक्षात ठेवलं होतं. तो शनिवार होता. सोमवारी शाळा उघडत होती, आणि व्हॅनमध्ये पंधरा मुलं बसणार होती.

जेवताना सांगायचं असं मी ठरवलं. आईनं तव्यावरची भाकरी थेट माझ्या ताटात टाकली, वर लोणी. बाबा मला खाताना बघत होते. जेवल्यावर सांगू म्हटलं. जेवल्यावर बाबा लवंडले आणि त्यांना झोप लागली, तीही चेहऱ्यावर समाधान ठेवून. मग उठल्यावर. उठल्यावर त्यांनी धुतलेला सदरा काढला.

शेडमध्ये सातआठजण होते. सगळे ड्रायव्हर, आणि हॉटेलवाले ज्ञानूमामा. मालाचा टेम्पो चालवणारे गफारचाचा चहाचा ग्लास घेऊन सगळ्यांत पुढे.

"आली का डॉक्टरीण?" ते म्हणाले. "बेटी, आधी माज्या डोक्याला एक सुई दे. टक्कल भरतंय का बगू, मग काच."

"तुज्या डोक्यात भरायला बाटली पुरायची न्हाई," बाबा म्हणाले.

ज्ञानूमामा काचेला नाक लावून बघत होते. "वहिनीनं हळद तर लावलीच हाय. आता दोन अक्षता टाका आन् लगीनच लावून द्या काचेचं."

"आन् सुई मराठीतून देणार का इंग्लिशमधून?"

"हसा, हसा," बाबा म्हणाले. "अर्ध्या घंट्यात काच कोरी व्हती का न्हाई बगा. सोमवारी ह्याच काचेतून पोरं नेणार हाय म्या."

मी किट उघडलं. काय बोलावं हे कळत नव्हतं, हातांना मात्र काय करायचं ते माहीत होतं, म्हणून मी त्यांना करू दिलं. काच पुसली. स्टँडचे कप दाबून बसवले. इंजेक्टर आट्यात फिरवला. हसणं थांबलं, सगळे जवळ आले. कुणीतरी "सुई लावली" असं पुटपुटलं. आणि मला कळलं की मला हे करता येईल. खालच्या वीतभर भेगेत वरवर रेझिन ओढलं जाईल, वर पॉलिश केलं की लकाकेल. कुणाला काही कळणार नाही. आठ दिवस, फार तर पंधरा दिवस ती काच कोरी दिसेल. बाबा सगळ्यांकडे वळून बघतील. आठ दिवसांनी मी पुण्यात असेन.

आतून आरसा धरायचा असतो, भेग मागूनही दिसावी म्हणून. मी ड्रायव्हरचं दार उघडून आत बसले. बारा वर्षं त्या व्हॅनमधून गेले, पण त्या सीटवर मी कधीच बसले नव्हते. व्हॅनचं तोंड मावळतीकडे होतं. सूर्य उतरता उतरता शेडच्या पत्र्याखाली आला आणि सरळ काचेवर पडला. भेग पेटली. म्हणजे खरंच पेटल्यासारखी, खाली पिवळी आणि वर पांढरी. समोर गफारचाचा उभे होते, दहा-बारा हातांवर. मला त्यांचे पाय दिसत होते, विजार दिसत होती. कमरेच्या वर काहीच नव्हतं, नुसता उजेड. त्या उजेडातून त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता. मी बाबांसारखी मान डावीकडे कलती करून खाली वाकले, आणि चाचा परत पुरे झाले, हातात ग्लास.

मी मान सरळ केली. ते परत उजेडात नाहीसे झाले.

मी मागे वळून बघितलं. मागच्या सीटांवर रेक्झिनची शिवण उसवली होती तिथे आईनं गोधडीच्या टाक्यांनी शिवलं होतं. खिडकीच्या गजाला कुणाचीतरी रिबीन बांधलेली होती. मी खाली उतरले, इंजेक्टर उलटा फिरवून काढला, स्टँडचे कप सोडवले.

"काय झालं?" बाबा म्हणाले. "सुरू तर कर."

त्यानंतरचं बोरीतल्या तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, तुम्ही ते एकमेकांना सांगितलंही असेल. परभणीहून काच यायला वेळ लागला, तीन दिवस मुलं दुसऱ्याच्या जीपनं गेली. गफारचाचांनी त्या शेडमध्ये जो विनोद केला तो ऐकून कुणी हसलं नाही. बाबा त्या रात्री जेवले, पण माझ्याशी बोलले नाहीत, आणि मी निघेपर्यंत कामापुरतंच बोलले. आईनं हळदीचं डबडं फडताळात मागे सरकवून ठेवलं. मी ते पुढे आणून ठेवलं. तिनं ते तिथेच राहू दिलं. आता नवी काच आहे, आणि आई सांगते की बाबा अजूनही मान कलती करूनच चालवतात. जाईल म्हणते हळूहळू. परवा बाबांनी आपणहून फोन केला आणि विचारलं, पावसाळ्यात वायपरचे ओरखडे उठतात त्यावर काही करता येतं का. मी सांगितलं, येतं. बराच वेळ सांगितलं. शेवटी तेच म्हणाले, "बरं बरं, कळलं, आता जेव."

निघाले तेव्हा मला वाटायचं, घर म्हणजे जिथे आपल्याला बोलावं लागत नाही ती जागा. न सांगता ताटात भाकरी येते, सीटवरची धूळ झटकली जाते. पुण्यात इतकी वर्षं मी त्याच घराची आठवण काढत राहिले. आता वाटतं, मी गप्प होते तेव्हा ते घर आपोआप चाललेलं नव्हतं. कुणीतरी माझ्या जागी अंदाज बांधत होतं, कुणीतरी वाट बघत होतं, मान वाकडी होईपर्यंत. जे माझ्यासारखे बाहेर पडलात, तुम्ही मला विचारलंत की आता तुझं घर कुठलं, तर मी बोरीच सांगेन. पण कारण आता वेगळं आहे. पुण्यात माझ्या वतीनं सांगायला पाटोळे सर आहेत. त्या संध्याकाळी शेडमध्ये माझ्यासाठी सांगणारं दुसरं कुणी नव्हतं.

बाबा धुतलेल्या सदऱ्यात उभे होते. ज्ञानूमामा, गफारचाचा, सगळे माझ्याकडे बघत होते. माझा आवाज पहिल्यांदा फुटलाच नाही. मग फुटला, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा फुटला.

"बाबा, ही काच आता भरत न्हाई. मी श्रावणात आले असते तर भरली असती. नवी बसल्याबिगर सोमवारी पोरं बसवू नका."